जुना जपानी तान्सू घेताय? पुढून कमी बघा, मागून जास्त

तुमचा प्रश्न आणि सोबतचे फोटो बघितले. थोडक्यात असं, की तुम्ही योकोहामात राहता, वर्षअखेरीस पुण्याला कायमचे परत येणार, येताना एक जुना तान्सू, म्हणजे खणांची जपानी लाकडी पेटी, आणायचाय, आणि विकणारा म्हणतोय की हा एदो काळातला, म्हणजे 1868 च्या आधीचा, जहाजावरचा तान्सू आहे, 1800 च्या आसपासचा. तुम्ही विचारलंय की हे खरं का, पुण्याच्या हवेत तो टिकेल का, आपल्या सुताराकडून घासून पॉलिश करून घेतला तर चालेल का, आणि किल्ली नाहीये त्याचं काय. उत्तर मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं, हा जहाजावरचा नाही. चार फूट रुंद, तीन फूट उंच, पुढे केयाकी नावाच्या जपानी झाडाचं कडक लाकूड, लालसर पारदर्शक चमक, अख्ख्या पुढच्या बाजूला नक्षीदार लोखंड आणि खाली उजव्या हाताला एक छोटं दार, त्याच्या आत लहान खण. हा सरळसरळ ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहराकडचा कपड्यांचा तान्सू दिसतोय. तिकडे चार शाकु रुंद आणि तीन शाकु उंच हे ठरलेलंच माप, एक शाकु म्हणजे 30.3 सेंटीमीटर, म्हणजे आपल्या फुटाच्या अगदी जवळ. माझ्या मते तो मेइजी काळातला असावा, 1868 ते 1912 मधला, आणि त्यातही अलीकडच्या टोकाचा. म्हणजे वस्तू वाईट नाही हां, उलट चांगली आहे, फक्त जी गोष्ट सांगून विकतायत ती दुसऱ्या पेटीची गोष्ट आहे. त्या गोष्टीचे जास्तीचे पैसे देऊ नका.

आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो, कारण उद्या तुम्ही दुसरा तान्सू बघायला गेलात तर फोटो पाठवायला मी नेहमी असेन असं नाही. तान्सू बघताना मी एकच प्रश्न डोक्यात ठेवतो, हा उचलून न्यायचा कसा? कारण ही वस्तू भिंतीला लावून ठेवायचं कपाट म्हणून जन्मलेलीच नाही. घरं लाकडाची आणि कागदाची, शहरं दाट, आगी सतत. आग लागली की घरातलं जे मोलाचं असेल ते दोन माणसांनी उचलून पळायचं. त्यामुळे बहुतेक कपड्यांचे तान्सू दोन मजली असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन वेगळ्या पेट्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंना आपापल्या कड्या. मोठ्या एकसंध तान्सूच्या बाजूला लोखंडाची उभी पट्टी किंवा कडी असते, ती वर उचलली की माथ्याच्या वर येते आणि तिच्यातून बांबू किंवा दांडा आरपार घालून पालखीसारखा खांद्यावर घेता येतो. तुमच्या तान्सूला ती आहे, डावीकडच्या फोटोत अर्धवट दिसतेय.

यातली एक गंमत म्हणजे एकेकाळी चाकं लावलेल्या पेट्यासुद्धा होत्या. कल्पना छान वाटते ना, आग लागली की ढकलत बाहेर काढायची. 1657 साली एदोमध्ये, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, मेइरेकीची मोठी आग लागली तेव्हा लोकांनी नेमकं तेच केलं, सगळे एकाच वेळी आपापल्या चाकांच्या पेट्या घेऊन रस्त्यावर, अरुंद गल्ल्या आणि पूल तुंबले, मागची माणसं अडकली. त्या आगीत एक लाखाच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. पुढे 1683 मध्ये एदो, क्योतो आणि ओसाका या तीन शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. म्हणून मोठ्या शहरांच्या परंपरेत चाकं गेली आणि कड्या राहिल्या, चाकांचे तान्सू पुढे दिसतात ते बहुतेक लहान गावांतले. कोणी तुम्हाला 'एदो शहरातला चाकांचा तान्सू, अठराशे पन्नासचा' म्हणून दाखवला तर एक भुवई वर जाऊ द्या.

तर मग कडीकडे बघायचं. म्हणजे कडीच्या आकाराकडे नाही, आकारांच्या नावांवर विक्रेते तासभर बोलतात, नेच्याच्या कोंबासारखी वळलेली, जळूसारखी जाड पोटाची, चौकोनी वगैरे. बघायचं ते कडीच्या खालचं लाकूड. खणाची कडी ओढून सोडली की ती खाली आपटते, रोज, पन्नास वर्षं, शंभर वर्षं. जिथे आपटते तिथे लाकडात चंद्रकोरीसारखा खड्डा पडतो. जुन्या तान्सूत तो खड्डा खोल असतो, कडा गोल झालेल्या असतात आणि आत काळा मळ घट्ट बसलेला असतो, नखाने निघत नाही. शिवाय वापरातल्या वरच्या खणांना खड्डा जास्त आणि तळच्या खणाला कमी, कारण तळचा खण कोण रोज उघडतंय. काही ठिकाणी कडीखाली लोखंडाची छोटी चकती लावलेली असते आघात झेलायला, मग ती चकती दबलेली दिसते. आणि कडी जिथे अडकवलीय त्या दोन टोकांना बोट लावून बघा, घासून ती बारीक झालेली लागते. नवीन माल जुना करून विकणारे लोखंडाला गंज चढवतात, लाकडाला काळं करतात, पण सगळ्या खणांना एकसारखा खड्डा पाडून ठेवतात. तो एकसारखेपणाच त्यांना पकडून देतो.

तुमच्या फोटोत वरच्या डाव्या खणाखालची कोर मला नीट दिसली, छान आहे, खरी आहे.

आता लोखंड. पुढच्या बाजूचं लोखंड बघूनच सगळे प्रेमात पडतात, आणि सेंदाईच्या तान्सूत तर ते असतंच तसं, सिंह आणि पिओनीची फुलं, ड्रॅगन, कासव-सारस, कुलुपाची मोठी गोल पट्टी. सेंदाईत या कामाचे तीन वेगळे कारागीर असतात, एक लाकूडजोडणीवाला, एक उरुशी लाखेचं काम करणारा आणि एक लोखंडवाला, आणि अजूनही ही तिन्ही कामं तिथे चालू आहेत, 2015 मध्ये सरकारने त्याला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. पण वय ठरवायला नक्षी फार कामाची नाही. उलट माझा अनुभव असा की जितकं लोखंड जास्त आणि नक्षी जितकी दाटीवाटीची तितका तान्सू बहुधा अलीकडचा. एदो काळात कुणी काय वापरायचं यावर बंधनं होती, व्यापाऱ्याने फार दिमाख दाखवलेला चालत नसे. मेइजीत ती बंधनं गेली, 1876 मध्ये सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी झाली, तलवारीच्या आणि चिलखताच्या धातुकामावर पोट असलेले कारागीर दुसरं काम शोधायला लागले आणि यांत्रिक लाटणीतला सपाट पत्रा मिळायला लागला. सपाट पातळ पत्रा छिन्नीने कापायला सोपा, मग काय, पुढची अख्खी बाजू भरून टाकली. जुना हाताने ठोकलेला पत्रा जाडीला कमीजास्त असतो, कडेवरून बोट फिरवलं की एका बाजूला जाड एका बाजूला पातळ लागतो, पाठीमागे हातोडीचे ठसे असतात. तुमच्या फोटोतल्या पट्ट्यांची कड सगळीकडे एकसारखी पातळ आहे. मी मेइजी म्हणालो त्याचं मुख्य कारण हे.

आता जहाजावरची पेटी म्हणजे नक्की काय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या प्रकारात कारागिरी म्हणून मला तीच सगळ्यात वरची वाटते. तिला फुनादान्सू म्हणतात. जपानच्या पश्चिम किनाऱ्याने, म्हणजे जपानच्या समुद्रातून, उत्तरेच्या एझोपासून (आत्ताचं होक्काइदो) खाली फिरून ओसाकापर्यंत मालवाहू जहाजं चालायची. त्या वळशाच्या मार्गाची घडी कावामुरा झुइकेनने 1672 मध्ये बसवली, देवा प्रांताचा सरकारी तांदूळ एदोला पोचवण्यासाठी. पुढे त्याच वाटेवर कितामाएबुने नावाची जहाजं आली. यांचं वैशिष्ट्य म्हणजे ती फक्त भाडं घेऊन माल वाहत नसत, जहाजाचा मालकच बंदरोबंदरी माल विकत घ्यायचा आणि विकायचा. उत्तरेकडून हेरिंग माशाचं खत आणि कोंबू समुद्रशेवाळ, दक्षिणेकडून मीठ, कापूस, जुने कपडे, साके. हजार कोकुचं जहाज म्हणजे साधारण दीडशे टन तांदूळ मावेल एवढं. एका फेरीत नशीब फळफळायचं किंवा बुडायचं, दोन्ही अर्थांनी. त्यामुळे जहाजावर रोख पैसा, हिशेबाच्या वह्या, शिक्के, प्रवासाचा परवाना हे सगळं कप्तानाजवळ, आणि ते ठेवायला ही पेटी.

तिचे तीन प्रकार. काकेसुझुरी ही दीड फुटाच्या आतबाहेरची, पुढे एकच बिजागरीचं दार, वर उचलायला कडी, आत लहान लहान खण, म्हणजे कप्तानाची तिजोरीच. चोबाको ही हिशेबाच्या वह्यांची, तिच्यात खण आणि दारं दोन्ही. आणि हांगाइ ही कपड्यांची, तिला पुढे एक फळी असते जी वर उचलून मग खालून बाहेर काढायची. तिन्ही जहाजाच्या मागच्या अरुंद खोलीत राहतील आणि एकटा-दुकटा माणूस उचलून किनाऱ्यावर नेईल अशा. बंदरात उतरल्यावर कप्तान ही पेटी घेऊनच व्यापाऱ्याकडे जायचा, तिचं लोखंड बघून समोरचा ओळखायचा की माणूस किती पाण्यात आहे. तुमचा चार फुटी तान्सू त्या खोलीत ठेवला असता तर कप्तानाला बाहेर झोपावं लागलं असतं!

फुनादान्सू तीन बंदरांत नावाजलेल्या, सादो बेटावरचं ओगी, यामागातातलं साकाता आणि फुकुइतलं मिकुनी. जमलं तर परत यायच्या आधी सादोला जाऊन या. ओगीजवळ शुकुनेगी नावाचं गाव आहे, जहाज बांधणाऱ्या सुतारांचं, तिथल्या संग्रहालयात हाकुसानमारू नावाचं जहाज आहे, जुन्याबरहुकूम पूर्ण आकारात 1998 मध्ये बांधलेलं, आत चढून बघता येतं. आतली जागा बघितली की पेट्यांची मापं अशी का ते न सांगता कळतं.

या पेटीची बाहेरची चौकट केयाकीची, कडक आणि जड, वर उरुशी, त्यावर कोपऱ्याकोपऱ्यांना जाड लोखंड. आतले खण मात्र किरी नावाच्या झाडाच्या लाकडाचे, अतिशय हलके. पुढचं दार उघडलं की लोखंड आणि काळपटपणा संपतो आणि आत एकदम फिकट, मऊ, कोरडं लाकूड, हा फरक प्रत्यक्ष बघण्यासारखा आहे. खरी मजा पुढे. एखादा खण पूर्ण बाहेर काढा, तो शेजारच्यापेक्षा दोन बोटं आखूड निघतो, म्हणजे मागे जागा आहे. हात घालून मागची फळी बाजूला सरकवायची, पण ती सरकत नाही, कारण तिला अडवणारी बारीक पट्टी वरच्या खणाच्या तळाशी आहे, आधी तो खण काढायला हवा. मग फळी सरकते, मागे अजून एक छोटी पेटी, तिला कडी नाही, ती उलटी करून बाहेर पडते, आणि तिच्याही आत कधीकधी दुसरी. चोराला वेळ लागावा एवढाच हेतू. नकली पेट्यांत चोरकप्पा असतो खरा, पण एकच आणि बोट लावलं की उघडणारा, गिऱ्हाइकाला खूश करायला केलेला.

ही पेटी समुद्रात टाकली तर तरंगते आणि आतले कागद कोरडे राहतात, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक दुकानात ऐकवतील. मागचं तत्त्व बरोबर आहे. किरी पाण्याच्या साधारण एक तृतीयांशहून कमी वजनाचं लाकूड, दमट झालं की फुगतं आणि फटी बंद करतं, आणि दार इतकं घट्ट बसवलेलं की हवा आत कोंडून राहते. पण प्रत्येक पेटी तरंगेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, काहींवर एवढं लोखंड आहे की मला तरी शंका येते. आणि विकत घेतल्यावर कृपया बाथटबमध्ये करून बघू नका.

किरीचं हे फुगणं-आक्रसणं आणि घट्ट बसणं नीट बघायचं असेल तर निइगातातल्या कामो गावचा चांगला किरी तान्सू बघा, जुना नसला तरी चालेल. एक खण आत ढकला, दुसरा आपोआप बाहेर येतो, कारण आतली हवा जायला जागाच नसते. रंध्याने कागदाएवढी ढलपी काढत काढत बसवलेला असतो तो. आणि त्यात लोखंडी खिळा जवळजवळ नसतो. खिळे उत्सुगी नावाच्या झुडपाच्या लाकडाचे, ते तांदळाच्या कोंड्याबरोबर कढईत भाजून कोरडे कडक करायचे. कारागीर मूठभर खिळे तोंडात धरतो, एकेक ओला खिळा जिभेने पुढे आणून हातोडीने ठोकतो, आत गेल्यावर ओल धरून तो फुगतो आणि कायमचा बसतो. सोबत लागलाच तर भाताची खळ. जुना काळा पडलेला किरी तान्सू तिकडे अक्षरशः धुतात, गरम पाणी घालून, दबलेल्या जागा फुगून वर येतात, फटीत किरीच्याच पट्ट्या बसवतात, रंध्याने वरचा पापुद्रा काढतात आणि पुन्हा रंग देतात, आजीचा तान्सू नातीला नवा होऊन मिळतो. पण हे फक्त साध्या किरीच्या तान्सूचं, उरुशी लावलेल्या केयाकीचं नाही, ते खाली येतंय.

तुमच्या तान्सूकडे परत. विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा, तळाचा आणि एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा ठेवलेला, असे फोटो मागा. मागची फळी बहुधा सुगीची असेल, आपल्याकडे देवदाराचे जे प्रकार मिळतात तसं हलकं सरळ रेषांचं लाकूड. तिला कधीच रंग नसतो, शंभर वर्षांत ती नुसती काळवंडते, आणि काळवंडणं कडेला आणि मध्ये वेगवेगळं असतं, कारण भिंतीला टेकलेली बाजू, धुराची बाजू, पावसाची बाजू. सगळीकडे एकसारखा चहाचा रंग असेल तर तो लावलेला रंग आहे. करवतीच्या खुणा बघा, हाताने कापलेल्या फळीवर तिरक्या आणि थोड्या वेड्यावाकड्या रेघा, गोल करवतीच्या असतील तर कमानीसारख्या एकाखाली एक. मूळ जोडणीत गोल तारेचे खिळे असतील तर 1800 वगैरे विसरून जा, पण दुरुस्तीत कुणी नंतर मारलेले असू शकतात, म्हणून खिळ्याभोवतीचं लाकूड बघायचं, मूळ खिळ्याभोवती काळा डाग मुरलेला असतो.

आणि शाईने काही लिहिलंय का बघा, खणाच्या तळाला किंवा मागे. बरेचदा मालकाचं नाव, गावाचं नाव आणि वर्ष असतं. वर्ष त्या त्या कालखंडाच्या नावाने लिहितात, मेइजी असेल तर आकड्यात 1867 मिळवा, ताइशो असेल तर 1911, शोवा असेल तर 1925. म्हणजे मेइजी 20 हे 1887. तेम्पो असेल तर 1830 ते 1844 मधलं, काएई असेल तर 1848 ते 1854. अर्थात शाई काय कालही लावता येते, तेव्हा अक्षरावरून हलकेच बोट फिरवा, जुनी शाई लाकडाच्या रेषांबरोबर झिजलेली असते, नवीन वरवर बसलेली दिसते. लिखाण एकटं पुरावा नाही, कडीखालचा खड्डा, पत्र्याची जाडी, मागची फळी आणि लिखाण हे सगळं एकच वय सांगत असेल तर मग ठीक.

आता पॉलिशचं. नको. प्लीज नको. पुण्यात सुताराला बोलावलंत की तो पहिली गोष्ट पॉलिश पेपर काढणार, मग थिनर, मग मेलामाईन नाहीतर पीयू, आणि दोन दिवसांत तुमचा तान्सू आरशासारखा चमकेल आणि त्याची अर्धी किंमत गेलेली असेल. तुमच्या तान्सूवर आहे ते किजिरो पद्धतीचं काम आहे, म्हणजे पारदर्शक उरुशीचे थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर घासून, खालचे केयाकीचे मोठे वळणदार पट्टे खोल पाण्यातून दिसावेत तसं आणलेलं. उरुशी हा झाडाचा चीक. तो वाळतो म्हणजे उन्हात सुकतो असं नाही, उलट त्याला दमट हवा लागते, 20 ते 25 अंश आणि 70-80 टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात ठेवला की चिकातलं एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरून त्याला कडक करतं. एकदा नीट कडक झाली की थिनरलाही दाद देत नाही, पण ऊन मात्र तिला खातं, रोज खिडकीचं ऊन लागलं की वरचा थर पांढरट, कोरडा, भुकटीसारखा होतो.

हा ओला चीक अंगाला लागला की खाज आणि फोड येतात, नव्या कारागिराचे पहिले काही महिने त्यातच जातात. आपल्याकडे बिब्बा उततो ना, तसंच ते, आणि झाडंही एकाच कुळातली, आंबा आणि काजूसुद्धा त्याच घरातले. तुमच्या तान्सूवरची जुनी वाळलेली उरुशी मात्र काही करत नाही, बिनधास्त हात लावा. पण कोणी 'मी उरुशी लावून देतो' म्हणाला आणि आठवड्यात काम करून देतो म्हणाला, तर तो काजूच्या टरफलाच्या तेलाचं नाहीतर सिंथेटिक व्हार्निश लावणार आहे हे धरून चाला. ज्या जागी उरुशी उडालीये ती तशीच राहू द्या किंवा जपानमध्येच, निघायच्या आधी, उरुशीवाल्याकडून तेवढीच जागा करून घ्या. स्वस्त नसतं, वेळही लागतो, म्हणून आत्ताच विचारा.

साफ कसा करायचा? बाहेरून मऊ ब्रशने धूळ, मग सुती फडकं घट्ट पिळून, लगेच कोरड्या फडक्याने. लोखंडाला ब्रासो, तारेचा घासणा, चिंच, लिंबू काहीही लावायचं नाही. तो काळा रंग म्हणजे तापलेल्या लोखंडावर भाजून बसवलेली उरुशी असते, ती एकदा गेली की खालचं लोखंड पुण्याच्या पहिल्या पावसाळ्यात नारिंगी होणार. नारिंगी भुकटी आत्ताच दिसत असेल तर कोरड्या ब्रशने झाडा आणि मशीन ऑइलचा थेंब कापसाला लावून तेवढ्याच जागी, लाकडाला न लागता. आतल्या किरीच्या खणांना तर तेल, पाणी, डांबराच्या गोळ्या काहीच नको, ते लाकूड उघडं असतं, डाग आणि वास दोन्ही धरून ठेवतं.

पुण्याच्या हवेचं म्हणाल तर पावसाळ्याची मला काळजी नाही. जपानमध्ये जूनचा पाऊस आणि नंतरचा दमट उन्हाळा काय असतो तुम्हाला माहितीच आहे, तान्सू त्यातच मोठा झालाय. काळजी मार्च-एप्रिल-मेची, दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते, त्यात वर एसी. किरी सोसतं, पण केयाकीची रुंद फळी आक्रसते आणि जिथे चौकटीत अडकलीये तिथे चिरते. म्हणून एसीच्या झोतात नाही, पश्चिमेच्या भिंतीला नाही, खिडकीसमोर नाही. पोचल्यावर लगेच सगळं उघडून हॉलमध्ये मांडायची घाई करू नका, सुती चादरीत गुंडाळून काही आठवडे आतल्या खोलीत राहू द्या. तुम्ही डिसेंबरला येताय, सामान जानेवारी-फेब्रुवारीत पोचणार, म्हणजे उन्हाळ्याच्या आधी जेमतेम सवय होईल. शक्य असेल तर सामान थोडं आधी, दिवाळीच्या सुमारास पोचेल असं पाठवा.

पावसाळ्यात खण घट्ट होणार हे नक्की. तेव्हा कोणीतरी, बहुधा सासरे नाहीतर शेजारचे काका, म्हणणार की जरा रंधा मारून घे. मारू देऊ नका. ऑक्टोबरात तोच खण सैल होतो आणि रंधा मारलेला असेल तर कायमचा खडखडतो. फार अडत असेल तर खण कोरड्या खोलीत दोन दिवस बाहेर ठेवा, कडेला मेणबत्ती घासा, बस्स. वाळवीसाठी तान्सू थेट फरशीवर ठेवू नका, खाली सागाच्या पट्ट्या द्या, मागे भिंतीपासून चार बोटं जागा ठेवा, आणि महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली बघा की पिठी पडतेय का.

पॅकिंगच्या वेळी दोन गोष्टी. खण वेगळे बांधायचे आणि प्रत्येकावर मागे पेन्सिलने बारीक नंबर, कारण हाताने केलेला खण ज्या जागेचा त्याच जागी बसतो, अदलाबदल झाली की अडकतो आणि मग जोर लावला जातो. आणि बाहेरचा क्रेट कच्च्या लाकडाचा असेल तर त्यावर आयएसपीएम 15 चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवाच, नाहीतर बंदरावर माल अडकतो. निर्यातीला अडचण येते ती राष्ट्रीय ठेवा किंवा महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून नोंदलेल्या वस्तूंना, घरगुती तान्सू त्यात येत नाही.

जाताजाता, तुम्ही लिहिलंय की गोव्यात एका ठिकाणी 'जपानी पेटी' बघितली होती, शिंपल्याचं जडावकाम आणि गोल पाठीचं झाकण असलेली, आणि तान्सूची ती जुनी आवृत्ती का. नाही, तो वेगळाच वंश. पोर्तुगीज जहाजं गोवा, मकाव करत नागासाकीला जायची, त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी सोळाव्या-सतराव्या शतकात जपानी कारागिरांनी उरुशी आणि शिंपला वापरून ज्या पेट्या केल्या त्या नानबान पेट्या, आणि त्यांच्या शिंपल्याच्या कामावर गुजरातच्या कामाची छाप आहे असं मानतात. त्या विकायला परदेशी केल्या, जपानी घरात वापरायला नाही. खरी असेल तर तुमच्या तान्सूपेक्षा कितीतरी महाग, पण गोव्यात सहज दुकानात मिळतेय म्हणजे बहुधा नाही.

राहता राहिली किल्ली. जुन्या तान्सूंच्या किल्ल्या हरवलेल्याच असतात, त्यामुळे घाबरू नका, किंमत त्याने फार कमी होत नाही. पण कुलूप लागलेल्या अवस्थेत एकही खण नाही ना, हे पैसे देण्याआधी बघा. लागलेला असेल तर विक्रेत्यालाच उघडून द्यायला सांगा, त्यांच्याकडे जुन्या किल्ल्यांचा जुडगा असतो आणि बरेचदा त्यातली एखादी चालून जाते, कारण आतली यंत्रणा सोपी असते, एक स्प्रिंग दाबली की आडवी जीभ मागे सरकते. पुण्यातला चावीवाला ते कुलूप पट्टीसकट उपटायला बघेल, आणि पट्टीचे खिळे आतून वाकवलेले असतात, उपटले की पुढचं लाकूड सोबत येतं. उघडे खण उघडेच राहू देत, आणि घरात लहान मुलं असतील तर ती कुलपाची जीभ दाबून बंद करून बघणारच, म्हणून कुलपाच्या आत पुठ्ठ्याची बारीक पट्टी सरकवून ठेवा, म्हणजे जीभ पुढे येणार नाही.

मागच्या बाजूचे आणि उलट्या खणाचे फोटो आले की इथेच टाका. आणि भावाचं म्हणाल तर 'जहाजाचा' आणि 'एदो' हे दोन्ही शब्द बिलावरून काढायला सांगा आणि मग किंमत पुन्हा विचारा, जपानमध्ये घरं लहान झालीयेत, मोठे तान्सू घ्यायला तिकडे फारसं कोणी नाही, विक्रेत्यालाही ते माहीत आहे.